गुणिलेचं चिन्ह आणि त्रेसष्ट कुंड्या

काकूंनी मागितली होती एक पाटी. वीतभर लांब, चार बोटं उंच. वरच्या ओळीत झाडाचं नाव, खालच्या ओळीत स्वतःचं. बस्स. संसार सुरू झाल्यापासून त्यांनी नवऱ्याकडे मागितलेल्या वस्तूंमध्ये ही सगळ्यात लहान, आणि हिच्यापायी जेवढी धावपळ झाली तेवढी त्या दोघांच्या लग्नातसुद्धा झाली नव्हती, असं शेजारी अजून सांगतात. शेजाऱ्यांना लग्नाला बोलावलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

नवरा म्हणजे प्रूफकाका. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून घरी बसलेले. म्हणजे नोकरीतून बसले, तपासणं काही बसलं नाही. कानावर लाल पेन्सिल कायम. औषधाच्या बाटलीतला कागद, विजेचं बिल, जिन्यातली 'थुंकू नये'ची सूचना, सगळ्यांवर ती फिरायची. एकदा घरी आलेली लग्नपत्रिका त्यांनी तपासून, दुरुस्त्या करून, पोस्टानं परत पाठवली होती. लग्न व्यवस्थित पार पडलं. काकांना मात्र पुन्हा बोलावणं आलं नाही.

आणि काकूंची गॅलरी. त्या गॅलरीत माणसानं उभं राहायचं तर एका पायावर, कारण दुसऱ्या पायाच्या जागेवर कुंडी. सगळी बेगोनियाची झाडं. कुणाची पानं मखमली, कुणाची चांदीचे थेंब शिंपडल्यासारखी. त्यातल्या दोन वेगळ्या जातींचा काकूंनी स्वतः संकर केला होता. एकीच्या नरफुलातले परागकण बारीक ब्रशानं उचलायचे, दुसरीच्या मादीफुलावर ठेवायचे, आणि वाट बघायची. नऊ वर्षं काही जमलं नाही. बी धरायचं नाही, धरलं तर रुजायचं नाही, रुजलं तर रोप मान टाकायचं. दहाव्या वर्षी एक रोप जगलं. अकराव्या वर्षी त्याला अशी काही पानं आली, की इस्त्रीवाला कपडे खाली ठेवून दोन मिनिटं बघत राहिला.

गावातल्या सरकारी बागेत दरवर्षी पानझाडांचं प्रदर्शन भरायचं. काकू दरवर्षी ते बघायला जायच्या. यंदा त्यांनी ठरवलं, आपलं झाड ठेवायचं.

"अहो, मला बक्षीस नको की काही नको," त्या शनिवारी सकाळी चहा देताना म्हणाल्या. "पण लोक बघतील तेव्हा खाली माझं नाव असू दे. अकरा वर्षांत या गॅलरीत जो आला तो म्हणाला, काकांची झाडं काय सुंदर आहेत! काकांनी कधी साधं पाणी घातलंय का?"

काकांनी घातलं नव्हतं. पाण्याचं सोडा, कुंड्यांच्या बाजूला तोंड करून ते कधी बसलेही नव्हते. ऐकलं आणि कुठेतरी आत टोचलं त्यांना.

"पाटी माझ्याकडे लागली," ते म्हणाले.

"साध्या कार्डावर हातानं लिहून द्या. अक्षर चांगलं आहे तुमचं."

"हातानं?" काका एवढे दुखावले, की त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "चौतीस वर्षं छापखान्यात काढली ती हातानं लिहायला? पुढच्या रविवारी प्रदर्शन आहे ना? आठ दिवस आहेत. अशी पाटी करतो, की परीक्षकांनी आधी पाटी बघावी आणि मग झाड."

काकूंनी कपाळाला हात लावला नाही, कारण हाताला माती होती.

आता, काम करायचं तर मुळापासून, हा काकांचा बाणा. संकरित झाडाचं शास्त्रीय नाव लिहायचं कसं, हे बघायला ते वाचनालयात जाऊन एक उशीएवढं जाड पुस्तक घेऊन बसले. दुपारी घरी आले ते बगलेत पुस्तक आणि चेहऱ्यावर तेज घेऊनच. आपल्या उभ्या आयुष्यात आपल्याइतका काटेकोर माणूस आपल्याला भेटला नाही, अशी त्यांची खंत होती. त्या पुस्तकात असे कितीतरी भेटले.

"अगं, ऐक. आईबाप दोघांची लॅटिन नावं लिहायची, ती तिरक्या टाइपात. मधे गुणिलेचं चिन्ह. पण हे चिन्ह तिरकं नाही! ते सरळ. आणि ते एक्स अक्षर नव्हे बरं का, लोक सर्रास एक्स ठोकून देतात, गाढव कुठले. गुणिले म्हणजे गुणिले. चारही टोकं सारखी. आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा."

"आणि ते चिन्ह मिळालंच नाही तर?"

काका जरा घुटमळले. "खाली बारीक टीप आहे. नसेल मिळत तर छोटा एक्स चालेल, म्हणून."

"मग झालं तर!"

"'चालेल'?" काका म्हणाले. "'चालेल' या शब्दानं या देशातल्या छपाईचं वाटोळं केलंय."

एवढ्यात शेजारचे पॉलिसीभाऊ आले. विमा उतरवणं हा त्यांचा धंदा आणि सल्ला देणं हा छंद. विमा घेतला नाही तरी सल्ला घ्यावाच लागतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "ते चिन्ह राहू द्या हो, चिन्हाला कोण बघतंय! नावांचा क्रम काय लावलात? बापाचं आधी लावा. कुठलाही फॉर्म काढून बघा, बापाचं नाव आधी असतं. उद्या क्लेम अडकला म्हणजे?"

"कसला क्लेम?" काकूंनी विचारलं. "बी आईनं धरलं, आईनं पिकवलं. बापाकडून चिमूटभर पूड आली, तीही मी ब्रशानं आणली. तो जागचा हललासुद्धा नाही." हे म्हणताना त्यांनी बघितलं मात्र काकांकडे. "आईचं नाव आधी."

पुस्तकात बघितलं तर आई माहीत असेल तेव्हा तिचं नाव आधी लिहायला हरकत नव्हती. काकूंनी न वाचताच सांगितलं होतं. पॉलिसीभाऊ चहा पिऊन गेले.

सोमवारी काका बागेच्या कचेरीत नाव नोंदवायला गेले. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि परत सरकवला.

"खाडाखोड चालत नाही. ही मधे फुली मारलीय."

"फुली नाही ती. गुणिलेचं चिन्ह आहे."

"गणिताची नोंदणी इथे होत नाही."

काकांनी पुस्तकातलं सगळं सांगितलं. मागे रांग वाढली. कारकुनानं निमूटपणे संगणकावर बडवायला घेतलं, आणि संगणकानं टुंग करून नकार दिला. ते चिन्ह तो घेईना. मग कारकुनानं आपल्या अकलेनं मधे 'अँड' टाकलं. संगणक एकदम खूश झाला. छपाईयंत्रातून एक सोडून दोन पावत्या बाहेर आल्या.

"घ्या. नोंद क्रमांक एकसष्ट आणि बासष्ट. रविवारी दोन्ही झाडं आठच्या आत आणा."

"पण झाड एकच आहे!"

"मग नावं दोन कशी?"

"ती आईबापांची आहेत!"

"आईबाप नकोत, झाड आणा," कारकून म्हणाला. शेवटी बरीच हुज्जत झाल्यावर त्यानं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'जागेअभावी दोन झाडं एका कुंडीत.' आणि बजावलं, की यावर प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बागेच्या अधीक्षकांची सही घ्यावी लागेल, नाहीतर कुंडी आत जाणार नाही. त्या शेऱ्यात काकांच्या बायकोची अकरा वर्षं एका ओळीत मातीत गेली होती. काका घरी आले आणि जेवले नाहीत. रात्री मात्र जेवले.

मग पाटीवाला. हा माणूस गाड्यांचे नंबर आणि दारावरच्या पाट्या करायचा. यंत्रानं ॲक्रिलिकवर अक्षरं कोरायची. एकदा कोरलं की ब्रह्मदेवालाही खोडता येणार नाही, असं तो अभिमानानं सांगायचा. मंगळवारी त्यानं केलेल्या पाटीत मधे भलामोठा एक्स होता, दोन्ही नावांपेक्षा ठसठशीत. बुधवारी एक्स लहान झाला, पण नावांबरोबर तोही तिरका झुकला. गुरुवारी त्यानं अधिकचं चिन्ह फिरवून बसवलं, ते फिरता फिरता अर्ध्यात थांबलं आणि पवनचक्कीसारखं दिसायला लागलं.

"काका, लोक एवढं निरखून बघत नाहीत हो."

"मी बघतो ना."

"तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं आली तर मी दुकान बंद करून साधू होईन."

शुक्रवारी काका त्याच्या दुकानाबाहेर हताश होऊन बाकड्यावर बसले होते. समोर लाकडाचं दुकान. त्याच्या फळ्यावर लिहिलेलं : प्लायवूड, आठ फूट गुणिले चार फूट. आणि मधे ते! चारही टोकं सारखी, सरळ, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! काका ताडकन उठले.

"तो फळा कुणी केला?"

"मीच की," पाटीवाला म्हणाला. "मापाचं चिन्ह ते. ते पाहिजे होतं तुम्हाला? मग आधी सांगायचं ना! तुम्ही चार दिवस झाडाचं चिन्ह, झाडाचं चिन्ह करताय."

पाटी संगणकाच्या पडद्यावर आली तेव्हा काकांना भरून आलं. तिरकं नाव, सरळ चिन्ह, तिरकं नाव. त्यांनी भिंग लावून चिन्हाची चारही टोकं तपासली. डावीकडची मोकळी जागा केसभर जास्त होती, ती कमी करून घेतली.

"आणि खालची ओळ?" पाटीवाल्यानं विचारलं.

"ती बघू नंतर. आधी हे नीट होऊ दे," काका भिंगातून डोळा न काढता म्हणाले.

शनिवारी पाटी हातात आली. काकांनी ती रुमालात गुंडाळून ठेवली, कुणाला दाखवली नाही. काकूंनी एकदोनदा विचारलं, तर म्हणाले, "उद्या बघशील." तेव्हा त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते काकूंनी साखरपुड्यानंतर पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांनीही ताणलं नाही.

रविवारी आठाच्या ठोक्याला दोघं बागेच्या काचघरात हजर. लांबलचक टेबलं, त्यांवर ओळीनं कुंड्या, प्रत्येक कुंडीत कार्डाची पाटी खोचलेली. काकूंनी आपली कुंडी एकसष्ट-बासष्टच्या जागेवर ठेवली आणि पानं पुसायला लागल्या. काकांनी पाटी खोचली, पण पानांनी ती झाकली जाईल असं त्यांना वाटत राहिलं, म्हणून तीनदा जागा बदलली. शेवटी ती मागच्या बाजूला, परीक्षक येतात त्या अंगाला लागली. काकूंना इकडून तिची नुसती पाठ दिसत होती. साडेनऊला बाकी सगळ्या स्पर्धकांना बाहेर काढलं. हे दोघं राहिले, कारण अधीक्षकांची सही व्हायची होती आणि अधीक्षक यायचे होते.

काम नसलेला प्रूफरीडर आणि समोर बासष्ट न तपासलेल्या पाट्या. काय होणार ते सांगायला नको. आधी काका नुसते हात मागे बांधून फिरले. पहिल्याच पाटीवर तिरका एक्स. ते पुढे गेले. दुसरीवर नाव सरळ टाइपात आणि एक्स मात्र मोठा. पुढे गेले. तिसरीवर चिन्ह नावाला चिकटलेलं. काकांचे हात शिवशिवायला लागले. चौथीवर गुणिलेच्या जागी चक्क अधिक! पेन्सिल कानावरून कधी उतरली, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. एक्सला गोल, समासात खूण, मोकळ्या जागेसाठी उभी रेघ. चौतीस वर्षांचा सराव; हात असा चालला, की अर्ध्या तासात काका टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचले. मन कसं हलकं झालं होतं.

आता बागेचीही एक रीत होती. पाटी मळली, फाटली किंवा कुणी तिच्यावर काही खरडलं, की माळ्यानं ती काढायची आणि अधीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवायची. प्रश्न विचारायचे नाहीत. तेव्हा काका पुढे पुढे तपासत होते आणि दोन माळी मागे मागे पाट्या उपटून टोपलीत टाकत होते. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. छापखान्यातही तपासलेलं प्रूफ मागून कुणीतरी उचलून न्यायचंच.

सव्वादहाला अधीक्षक टोपली घेऊन धावत आले. "हे कोणी केलं?"

"मी," काका नम्रपणे म्हणाले. "एकूण एकशे एकोणचाळीस चुका आहेत. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

अधीक्षकांनी टेबलाकडे बोट केलं. काकांनी वळून पाहिलं. त्रेसष्ट कुंड्या, आणि पाटी एकच. त्यांची. बाकी बासष्ट झाडं नावगाव नसलेली. नोंद क्रमांकही पाट्यांवरच होते. झाडांचे मालक बाहेर कुठेतरी पांगलेले, आणि परीक्षक अकराला येणार.

"बायकोचं झाड जिंकावं म्हणून हा डाव?" अधीक्षक ओरडले. "यांची कुंडी आधी बाहेर काढा!"

"अहो, तिचा काही संबंध नाही!" काका मधे आले. "तिला बाहेर काढू नका. मला काढा. मी दारात उभा राहतो, गेटबाहेर राहतो, पण तिचं झाड राहू द्या."

काकूंनी पानं पुसायचा कपडा खाली ठेवला, नवऱ्याकडे एक नजर टाकली (त्या नजरेचं वर्णन करण्यात अर्थ नाही, लग्न झालेल्यांना ठाऊक आहे) आणि अधीक्षकांच्या हातातली टोपली घेतली.

"ओरडून पाट्या लागत नाहीत," त्या म्हणाल्या. "सरका."

आणि त्या चालायला लागल्या. पान उलटं करून बघायचं, देठावरची लव बोटानं चाचपायची, टोपलीत हात घालायचा आणि पाटी खोचायची. "ही गेल्या वर्षी शेवटच्या टेबलावर होती, पाणी जास्त घालतात हिला. ही त्या दातांच्या डॉक्टरांची. ही दोन सारखी दिसतात, पण हिच्या पानाखाली लाल शीर आहे." माळी तोंडात बोटं घालून मागे चालत होते. अधीक्षक आधी घड्याळ बघत होते, मग त्यांनी घड्याळ बघायचं सोडलं. अकराला पाच कमी असताना टोपली रिकामी झाली. अधीक्षकांनी शेऱ्यावर सही केली.

परीक्षक बाई ठेंगण्याशा, पांढऱ्या केसांच्या, हातात भिंग. लाल खुणांनी रंगलेल्या पाट्या बघत त्या सावकाश पुढे येत होत्या. "बरं झालं, कुणीतरी वाचलं एकदाचं," एवढंच म्हणाल्या. काकूंच्या कुंडीपाशी थांबल्या. झाड बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पाटीवर भिंग धरलं.

"वा!" त्या म्हणाल्या. "वीस वर्षं मी इथे येतेय. इतकी निर्दोष पाटी पहिल्यांदा बघतेय."

काकांची छाती चार बोटं पुढे आली.

"पण झाड कुणाचं आहे?"

काकांनी पाटी बघितली. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी चिन्हाच्या खाली बघितलं. तिथे काही नव्हतं. छान, गुळगुळीत, पांढरं, रिकामं. लिहिलेल्यातली चूक त्यांना मैलावरून दिसायची. न लिहिलेलं दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

काकूही टेबलाला वळसा घालून आल्या. त्यांनी पाटी वाचली. आणि पुन्हा पानं पुसायला लागल्या. भांडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"नियम आठ," अधीक्षक खाकरून म्हणाले. त्यांनाही ते जड जात होतं. "नाव नसेल तर झाडाचं परीक्षण होत नाही."

काकांनी पेन्सिल काढली. मजकुरात काही राहून गेलं, की प्रूफरीडर ओळीखाली हंसपद काढतो, पक्ष्याच्या पायासारखी छोटी खूण, आणि गाळलेला शब्द तिथे लिहितो. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांखाली काढलेलं ते हंसपद काकांनी आपल्या पाटीवर टेकवलं. पेन्सिल सर्रकन घसरली. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरली. ब्रह्मदेवालाही खोडता येणार नाही अशी ती पाटी, तिच्यावर काही लिहिताही येत नव्हतं.

"कार्ड," काका म्हणाले. "कुणाकडे कोरं कार्ड आहे का?"

माळ्यानं खिशातून एक काढून दिलं. कोपरा दुमडलेला, मातीचा डाग पडलेला. काकांनी ते टेबलावर ठेवलं आणि या वेळी खालून सुरुवात केली. आधी काकूंचं नाव, पूर्ण, ठळक. मग वर जागा उरली त्यात आईचं नाव तिरकं, बापाचं नाव तिरकं, आणि मधे दोन रेघा. एक अशी, एक तशी. गुणिलेचं चिन्ह झालं. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ लागला.

मग त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. कार्ड काकूंपुढे धरलं. "एकदा वाचून बघ. माझ्या हातून काय काय राहतं कुणास ठाऊक."

काकूंनी कार्ड हातात घेऊन सावकाश वाचलं, खालची ओळ दोनदा. डोळे पुसायला पदर वर गेला, पण वाटेतच त्यांचा विचार बदलला.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "हे मी गेल्या शनिवारी सांगितलं होतं."

परीक्षक बाई एवढ्या हसल्या, की त्यांच्या हातातून भिंग पडलं.

बक्षीस मिळालं. दुसरं. आणि संगणकात नोंदी दोन असल्यामुळे प्रमाणपत्रंही दोन आली, दोन्हींवर वरच्या ओळीत अगदी ठळक 'अँड'. काकांचा हात कानाकडे गेला, तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "लावून तर बघा पेन्सिल." एक प्रमाणपत्र आता त्यांच्या बैठकीत आहे, गॅलरीच्या दाराशेजारी. हल्ली काका सकाळी झारी घेऊन तिथून जातात. सगळ्या कुंड्यांना नाही, काकू हात लावू देत नाहीत. पण दोन कुंड्यांना पाणी घालायची त्यांना परवानगी आहे. जाताना ते प्रमाणपत्रासमोर थांबतात. वरच्या ओळीकडे बघत नाहीत, जिवाला त्रास होतो. खालची ओळ वाचतात. तिच्यात चूक नाही.